भनपुरीत मोटर घ्यायला

रायपूर स्टेशनात उतरलो तेव्हा बॅगेत बाकरवडी होती आणि डोक्यात सल्ले. सल्ल्यांचं वजन जास्त होतं.

बहीण समता कॉलोनीत राहते. तिची मृण्मयी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजचा रोबो स्पर्धेत उतरणार होता आणि त्याच्या मोटरी निवडायचं काम हिच्याकडे. संध्याकाळच्या चाचणीत रोबो पेटी घेऊन चढ चढला नाही, तर ते काम सीनिअर पोरांकडे जाणार. दोन महिने राबली होती बिचारी.

आता, मी जन्मभर पंख्यांच्या कारखान्यात होतो. म्हणजे मोटर मलाच कळणार, नाही का?

सकाळी फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) खाताखाता मी तिची यादी पाहिली.

"मिनिटाला शंभर फेरे? अगं, रोबो आहे की बैलगाडी? तीन हजारवाली घे!"

"मामा, त्याले चढायचं आहे, पळायचं नाही."

"ऐक ना पोट्टे, मामाले समजते त्यातलं," भाऊजी म्हणाले. ते रेल्वेतले, मूळचे वर्ध्याचे, आणि पाहुण्यासमोर फार भिडस्त.

तेवढ्यात टीमच्या कॅप्टनचा फोन आला. मी तो हिच्या हातातून घेतला आणि माझं मत ठणकावून सांगितलं. त्याला तेच हवं होतं. "देखा? अंकल भी वही बोल रहे हैं!" मृण्मयीचं तोंड उतरलं. मला वाटलं, भूक लागली असेल. मी तिला आणखी दोन फरे वाढले.

मग मी आणि मृण्मयी रिक्षानं भनपुरीला, कारखान्यांच्या भागात. जिकडेतिकडे ट्रक आणि धूळ. पुण्यात धूळसुद्धा जरा रीतीनं उडते, असं मी रिक्षावाल्याला सांगितलं. त्यानं काच पुसली.

मोटरींचं दुकान एक बाई चालवतात, सगळे त्यांना दीदी म्हणतात. त्यांनी यादी बाजूला सारली आणि माझी तीन हजारवाली बॅटरीला जोडली. चाक असं गरगरलं की मी मृण्मयीकडे ऐटीत पाहिलं.

"हव (हो), अब पकड़ के देखव," दीदी म्हणाल्या.

मी दोन बोटं लावली. चाक गप्प उभं राहिलं.

त्यांनी शंभरवाली जोडली आणि माझ्या हातात चिंधी दिली. मी चाक धरलं. चाक थांबलं नाही, माझं मनगटच वळलं आणि मी "आई गं!" म्हणून ओरडलो. दुकानातले हमाल हसले.

"हाथ मा रुक गे, त चढ़ाव कइसे चढ़ही?" (हातात थांबली ती चढ कशी चढणार?)

मृण्मयी हसली नाही. "मामा, आता कॅप्टनले कसं सांगू मी? तो माह्यं ऐकत नाही. तुमचं ऐकते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंख्याला कधी पेटी उचलून चढायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी फोन लावला आणि सगळ्या हमालांसमोर म्हणालो, "बेटा, मैं गलत था. मृण्मयी सही है."

संध्याकाळी चाचणीला बॅटरी मीच उचलून नेली. शंभरवाल्या चार मोटरी रोबोला घेऊन चढल्या, बैलगाडीसारख्याच. पोरगी किंचाळली आणि मला मिठी मारून रडली. मीही रडलो, धुळीचं निमित्त करून.

पुण्याला परतलो. मागून टीमचा टी-शर्ट पोस्टानं आला. पाठीवर छापलंय: मोटर — मृण्मयी. सल्लागार — भनपुरीवाली दीदी. सगळ्यात खाली: बॅटरी उचलली — मामा.

रोज सकाळी फिरायला तोच घालतो. वरून जाकीट, उकडलं तरी.