आठ कारागीर, एक शेरवानी

“तुमच्या जिल्ह्यात शेरवानी एकच आहे काय?”

मुंबईच्या कंपनीने माझे आठही फोटो परत केले, त्यासोबतच्या पत्रात पहिला प्रश्न हाच होता. हा दुसरा नकार. पहिला फार सभ्य होता. छापील चिठ्ठी आणि तिच्यावर एकच शब्द, ‘अनसुटेबल’. या वेळी साहेबाने खास पत्र टाइप करून घेतले होते, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

तेव्हा निजामाचे राज्य होते आणि बिदरात माझा छोटा स्टुडिओ होता. मी औरादच्या शेतकऱ्याचा मुलगा. घराण्यात शाळेची पायरी चढणारा मी पहिला. हेडमास्तरांनी घरी ठेवून इंग्रजी शिकवले. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पेरणीतही मला औताला हात लावू दिला नाही. त्यांच्यामुळे हैदराबादेत बी.ए. झालो. उपकार मोठे. ते फेडायला मी कॅमेरा घेतला. अप्पांना ती फेड वाटली नाही.

“बी.ए. होऊन लोकांची तोंडं काढायलास?”

“अप्पा, मुंबईची कंपनी फोटो घेणार हाय.”

“घेतले का?”

“अजून न्हाई.”

“तहसीलात अहलकाराची जागा हाय. पेशकारसाहेब दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणालेत. तवर मुंबईवाले व्हय म्हणाले तर बरं. न्हाईतर तुझा डबा बंद.”

डबा म्हणजे कॅमेरा. अहलकार म्हणजे कारकून, पेशकार त्याच्या वरचा.

ही कंपनी फोटोंचा साठा करी. त्याला ते ‘स्टॉक’ म्हणत. कॅलेंडरवाले आणि पुस्तके छापणारे त्यातून लागेल ते निवडत. त्यांना दख्खनचे कारागीर हवे होते. मी कुंभार, विणकर, लोहार, कासार असे आठ जण पाठवले.

आमच्याकडे तेव्हा माणसाचा फोटो जन्मात एकदा निघे. त्यासाठी तो अंघोळ करून येई आणि स्टुडिओची काळी शेरवानी अंगावर चढवी. तिचे वरून दुसरे बटण तुटले होते, तिथे मी पांढरे लावले होते. कारागिरांकडे जाताना ती मी सोबत नेली. स्टुडिओचा पडदाही नेला. पडद्यावर तळे, तळ्यात दोन हंस. आठही जण हंसांपुढे श्वास रोखून उभे राहिले. लोहाराला शेरवानी बसेना, म्हणून ती पाठीवर उसवली. फोटोत पाठ येत नाही.

पहिल्या नकारावर मी सुशिक्षित माणसासारखा विचार केला. कागद हलका असावा! भारी कागद आणला, वर आठही जणांचे गाल गुलाबी रंगवले. त्याला आलेले उत्तर हे पत्र. पुढे लिहिले होते, “सर्वांचे दुसरे बटण पांढरे आहे. हे आठ कारागीर आहेत, की आठ धंदे करणारा एकच दरबारी? यांपैकी हंस कोण बनवतो, तेही कळवावे.”

मी फोटो ओळीने मांडले. ते मी काढले होते, धुतले होते, रंगवले होते. पाहिले मात्र त्या दिवशी.

दसऱ्याला महिना उरला होता. शेरवानी खुंटीला टांगून मी त्या आठांपैकी करीमउस्तादांकडे पुन्हा गेलो. ते बिदरी काम करत. जस्ताच्या भांड्यावर नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार ठोकायची आणि किल्ल्यातल्या मातीने भांडे काळे करायचे. चांदी तेवढी पांढरी राहते.

“शेरवानी कुठं हाय?” उस्तादांनी आधी तेच विचारले.

“या वेळी नको उस्ताद. रोजच्या कपड्यात, काम करताना काढू.”

“ह्या फाटक्या बनियनमधी? कायकू? मी मेल्यावर पोरं ह्योच फोटू बघणार. शेरवानी नक्को, तर फोटू नक्को.”

“मुंबईच्या साहेबाला तुमचं काम बघायचं हाय.”

“काम बघायचं तर सुरई मागव म्हणावं. माझं तोंड कशाला पायजे त्याला?”

शेरवानी आणायला माणूस गेला. तोवर उस्ताद सुरई घेऊन कामाला लागले. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघे आणि उजेड कळावा म्हणून आम्ही एक प्लेट वाया घालवत असू. तशी एक घालवली आणि त्यांच्या कोळशाच्या अंधाऱ्या कोठीत धुऊन पाहिली. उजेड ठीक होता. मग शेरवानी आली. मी तिला काळे बटण लावले. साहेबाच्या पत्रातून एवढे तरी शिकलो होतो. बाकीच्या सात जणांनीही शेरवानी सोडली नाही. मी हंस मात्र सोडले.

त्या वाया घालवलेल्या प्लेटचा एक प्रिंट कागद तपासायला काढला होता. पाकिटात फोटो दुमडू नयेत म्हणून तो खाली घातला.

दसऱ्याच्या चार दिवस आधी उत्तर आले. “आठ फोटो परत. पॅकिंग स्वीकारले. असे पॅकिंग आणखी असल्यास पाठवावे.”

पत्र घेऊन तडक औराद गाठले.

“काय घेतलं त्यांनी?” अप्पांनी विचारले.

“रद्दी.”

“आन् चांगले फोटो?”

“परत केले.”

अप्पांनी थोडा विचार केला. “कचेरीत असं चालायचं न्हाई. तू मुंबईचंच कर.”

पुढे तो फोटो कॅलेंडरवर आला. वाकलेले डोके, दोन काळे हात आणि सुरईवर चमकणारी तार. खाली इंग्रजीत ‘एक देशी कामगार’. स्वीकारल्याचे पत्र येताच मी उस्तादांचे नाव कंपनीला लिहून कळवले होते. कंपनीला विचारले, तर म्हणे नावाला जागा नसते. कंपनीचे स्वतःचे नाव दोन ओळींत होते.

उस्तादांनी कॅलेंडर उलटसुलट पाहिले.

“ह्यात मी कुठं हाय?”

“हे तुमचे हात.”

“मग हात धुवायला तरी सांगायचंस!”

तेव्हापासून मी कंपनीसाठी एक प्लेट काढी, शेरवानी यायच्या आत. दुसरी ज्याची त्याच्यासाठी, शेरवानीत. दोन्ही गिऱ्हाइकांना एकच फोटो पुरत नाही, एवढे मी दोन नकार आणि एका रद्दीतून शिकलो. परत आलेले आठही फोटो मी ज्याचे त्याला नेऊन दिले. ते आठ घरांत भिंतीवर लागले, खाली नाव घालून. तिथून एकही परत आला नाही.