हंड्यावरचं नाव

लातूरच्या एका लहानशा संग्रहालयात स्थलांतराचं दालन आहे. तिथे काचेमागे माझ्या आईचा तांब्याचा हंडा आहे आणि पाटीवर माझ्या मामाचं नाव. पाटी सांगते, हे कुटुंब दुष्काळात धर्माबादकडचं गाव सोडून लातूरजवळच्या मुरुडला आलं, सोबत हा हंडा होता. यातलं हंड्याचं तेवढं खरं. मामा आयुष्यात गाव सोडून कुठे राहिला नाही. गेलो आम्ही. मी सहा वर्षांचा होतो. पीठ आणि कपडे भरलेला हंडा आईच्या डोक्यावर, स्टेशन अकरा किलोमीटर. निघताना मामा एवढंच बोलला, "पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

हंडा त्यानेच आईच्या लग्नात आहेर दिलेला, म्हणून त्यावर त्याचं नाव. पुढे मामेभावाच्या लग्नात भांडी कमी पडली, तेव्हा मात्र आमची आठवण झाली. नेलेला हंडा परत आला नाही. मागच्या वर्षी मामेभावाने तो संग्रहालयाला दिला. सोबत आमची हकीकतही देऊन टाकली.

मी आईला घेऊन गेलो. नोंदी ठेवणाऱ्या बाई पुण्याच्या. म्हणाल्या, "वस्तूवर कोरलेलं नाव हाच आमचा पुरावा."

"बाई, माझ्या घरात नाव घातलेली तेवीस भांडी आहेत. एकावरही माझं नाव नाही. आमच्याकडे देणाऱ्याचं नाव घालतात."

मी भांड्यांची यादी पुढे केली. त्यांनी ती न वाचताच मामेभावाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मी आल्याचं त्याला सांगितलं.

"नाव माझ्या बापाचं हाय का न्हाई?" तो मला म्हणाला.

"आहे. पण तुझा बाप मुरुडला कधी गेला होता रे?"

"तू बस मोजत! लहानपणापासून तेच करून राहिला. त्यांना गोष्ट पायजे होती, दिली. कोणाची का असंना!"

फोन बंद झाला. बाई जरा वरमल्या. मामाचं आणि आईचं, दोन्ही नावं लावू, म्हणाल्या.

"दादाचं कशापायी?" आई म्हणाली. "दादा चालला का?"

आता बाईंना खरी हकीकत समोर बसलेली दिसली. त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो आईपुढे सरकवला. "आजी, सांगा ना, कशा आलात? वाटेत काय काय झालं?"

"आदी ती पाटी काढ."

"त्यासाठी समितीला विचारावं लागेल, आजी. तोवर तुमच्या आठवणी तरी..."

"मंग समितीलाच इचार, कसं आलो त्ये." आई उठली.

पाटी अजून तशीच आहे. ती बदलेपर्यंत त्या अकरा किलोमीटरांतलं काही कोणाला सांगणार नाही, मलासुद्धा नाही, असं आईने बजावलं आहे. मी सहा वर्षांचा होतो, मला फारसं आठवत नाही. माझे तीन अर्ज समितीकडे पडून आहेत. आईला एकोणऐंशीवं चालू आहे.