अल्बमातला धूमकेतू

धूमकेतूमुळे माझं लग्न मोडलं, असं सावेडीत आमच्या गल्लीत अजून सांगतात. धूमकेतू बिचारा काय मोडणार! मोडलं ते मुलाच्या आईने. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पसंती कळली, आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी मी गच्चीवर कॅमेरा लावून उभी असलेली त्यांना दिसले. त्यांचा बंगला आमच्याच गल्लीत. मध्यस्थाबरोबर निरोप आला, "शेपटीचा तारा हाय तवर आमी शुभाचं बोलत न्हाई. आन् पोरगी तर त्याचेच फोटू काढती." मुलगा पदवीधर होता, बँकेत होता, आणि गप्प होता.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. चिडून रोज संध्याकाळी गच्चीवर जायला लागले. ट्रायपॉड, कमी उजेडात चालणारा चारशेचा रोल, शटर उघडं धरायला केबल. मनात आकडे मोजायचे. जास्त मोजले की ताऱ्यांच्या रेघा होतात, कमी मोजले की नुसता अंधार. पहिला रोल स्टुडिओवाल्याने 'कोरा गेला' म्हणून टाकूनच दिला. दुसऱ्याच्या वेळी मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले. एकाच फ्रेममध्ये धूमकेतू नीट उतरला होता, पाण्याच्या टाकीवर तिरपा, दोन्ही शेपट्यांसकट. आता हजारो वर्षं तो इकडे फिरकणार नव्हता. माझ्याकडे होती ती एवढी एक फ्रेम.

रस्त्यावरच्या दिव्यांनी फोटोत आकाश मात्र गढूळ तांबडं आलं होतं. स्टुडिओवाल्याने लग्नाच्या अल्बमांसाठी नवाकोरा कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला होता. त्याने फ्रेम स्कॅन केली आणि माऊस माझ्या हातात दिला. आकाश काळं करायला गेलं की शेपूट आधी मरायची. शेपूट उजळली की गढूळपणा परत वर यायचा. कित्येक दुपारी मी तिथे बसले. "मॅडम, धूळ लई हाय, पुसून टाकू का?" तो ताऱ्यांकडे बोट दाखवून विचारायचा.

निगेटिव्ह परत देताना त्याने सवयीने पाकिटाच्या मापाचे तुकडे केले. अंधाऱ्या फ्रेमची कड दिसत नाही. कात्री धूमकेतूच्या डोक्यातून गेली. "कॉम्प्युटरमधी हाय की," तो म्हणाला. परीक्षा आणि सुट्टी संपवून मी प्रिंट घ्यायला गेले तर म्हणे, ती फाइल एका लग्नाच्या फोटोमागे आभाळ म्हणून मिक्सिंगला वापरली आणि तो फोटो तिच्यावरच सेव्ह झाला. अल्बम छापून झाल्यावर जागेसाठी तोही पुसला. पार्टी मात्र खूश होती. मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

पार्टी कोण ते श्रावणात कळलं. तारा दिसेनासा झाल्यावर त्या मुलाचं दुसरीशी लग्न लागलं होतं, आणि आता त्याच्या घरी सत्यनारायण होता. न जावं तर लोक म्हणणार, जळते. प्रसादाबरोबर अल्बम फिरला. मुलाच्या आईने स्वतः पान उघडलं, "बघा, आमच्या पोरांवर कसं आभाळ धरलंय!" नवरानवरी हातात हात घालून, आणि वर माझा धूमकेतू. तारे पुसलेले.

"हा तोच शेपटीचा तारा," मी वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाले. "मीच काढलाय."

सगळ्यांच्या हातातला शिरा हातातच राहिला. मला आनंद झाला, अगदी पोटातून झाला. पण त्या बाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती सुनेकडे वळली. "तरीच! हिनं पाऊल टाकल्यापासून घरात एक गोष्ट धड न्हाई." आणि तिने पान फाडलं.

"ते मला द्या," मी म्हणाले. "एवढी एकच प्रत आहे."

"काय बी उरायला नगं त्याचं," ती म्हणाली आणि काडेपेटी सुनेच्या हातात दिली. मागच्या अंगणात त्या मुलीने ते स्वतःच्या चेहऱ्यासकट पेटवलं. मी पायरीवरून पाहत होते. मुलगा प्रसादाच्या वाट्या गोळा करत होता.

मी निघताना ती सून फाटकापर्यंत आली. रडलेली दिसत होती.

"ताई, तो परत कधी येनार हाय?"

"आपल्या हयातीत नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि बोटांची काजळी पदराला पुसत आत गेली.