टिकलीकडे वळलेली नजर

मंगळवारी सकाळी दहाला थेरपी केंद्रातल्या खोलीबाहेर, काचेआड मी आणि बायको होतो. आत आमची साडेतीन वर्षांची स्वमग्न मुलगी आणि तिला शिकवणाऱ्या बाई. घामाने बाईंची टिकली भुवईवर घसरली, तशी मुलीची नजरही घसरली.

“सुरुवातीला टिकली लावतोच आम्ही, नजर वर यावी म्हणून,” बाई नंतर सहज म्हणाल्या.

“मलाही मोठी लावायला सांगितलीत, पण कारण नाही सांगितलं,” बायको म्हणाली. “म्हणजे ती मला बघत नव्हती?”

‘आता डोळ्यांत बघते’ या बाईंच्या शब्दावर आम्ही तीन महिने जगलो होतो. समोरचं माणूस आपल्यालाच बघतंय, हे आपण किती सहज धरून चालतो.

फी मी बाईंना पूर्ण दिली. मुलीची मान वर आली होती, तेवढं काम खरं होतं.