तर्जुमेवाल्या मामांचा खुलासा

कुणाचा राग पातळ केलेला तर्जुमेवाल्या मामांना खपत नसे. तलमडुगूकडच्या मराठी गावांतले आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. राजधानीत, विधिमंडळाच्या कचेरीत, मराठी अर्जांचा उर्दूत आणि इंग्रजीत तर्जुमा करणं हे त्यांचं काम. आमच्या भागाचं गाऱ्हाणं सभागृहात कुणीही मांडो, त्याच्या हातातला कागद मामांच्या अक्षरातला असायचा.

एकदा कचेरीतल्या साहेबानं एका अर्जाच्या तर्जुम्यातलं 'आमी काय जनावरं आहो का?' हे वाक्य गाळून 'नम्र विनंती' घालायला सांगितलं. मामांनी घातली नाही. गावी आले तेव्हा आम्हाला सांगत होते, "तो मानूस विनवून नाई राह्यला, भांडून राह्यला. मंग मी काऊन त्याले हात जोडाले लावू?"

पुढे राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आमची गावं इकडेच, तेलुगू मुलखात राहिली. मामांच्या शाखेतले बाकीचे मराठी लोक बदली घेऊन मुंबईला गेले. मामांनाही बोलावणं होतं. मामी तर भांडीकुंडी बांधून बसल्या होत्या. मामा म्हणाले, "गावं इथं अन् तर्जुमेवाला तिथं, असं कसं जमन?" ते राहिले, म्हणून कचेरीनं काय करावं? त्यांचं टेबल मोडलं आणि त्यांना पाकिटं चिकटवायला बसवलं. चार भाषा जाणणाऱ्या माणसाच्या हाती डिंकाची बाटली! मला अजून संताप येतो.

त्याच सुमारास आमच्या शाळेतले मराठी वर्ग बंद करायचं ठरलं. मी तिथं मास्तर होतो. गावानं अर्ज केला, तोही मराठीत, कारण दुसरं लिहिता येत होतं कुणाला? मामांनी जेवणाच्या सुट्टीत त्याचा तर्जुमा केला, मूळ अर्जाला टाचला आणि आमच्या आमदारांच्या हातात दिला. तो सभागृहात वाचला गेला आणि वर्ग वाचले. मामांना मात्र नोटीस आली: नेमून न दिलेलं काम का केलं, याचा लेखी खुलासा करा.

मामांनी खुलासा मराठीत लिहिला. आता तो वाचणार कोण? साहेबानं शेरा मारला, 'तर्जुमा करून घ्यावा.' कागद चार टेबलं फिरला आणि आला कुणाकडे? मामांकडेच! त्यांनी स्वतःच्याच खुलाशाचा चोख तर्जुमा करून दिला. 'तुम्हाला गावाची भाषा येत नाही, हा गावाचा कसूर नव्हे,' हे वाक्यसुद्धा त्यांनी गाळलं नाही. त्यांची बढती तिथंच अडली, ती कायमची.

त्यांच्या निरोपसमारंभाला मी मुद्दाम गेलो. शाल, नारळ, हार, सगळं यथासांग झालं. त्याच साहेबानं भाषण ठोकलं, की असा मुकाट सेवा करणारा माणूस पुन्हा होणे नाही. मुकाट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा उठले आणि आपल्या मराठीत एवढंच बोलले, "माह्यामागं या गावांचे कागद कोन वाचन?"

त्यांनी आभार मानले असं समजून कचेरीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर गावानं पाठवलेला पहिलाच अर्ज जसा गेला तसा परत आला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही तो वाचता आला नव्हता.