ग्रीक मास्तरांचा काढा

ग्रीक मास्तरांना कुणी "कसे आहात?" विचारलं, की ते छत्री बगलेत मारून थांबत आणि उलट विचारत, "कोण? मी, की हे हाडकांचं गाठोडं?" विचारणाऱ्याला मुंबईची बोट गाठायची असली तरी सुटका नसे. गाठोडं म्हणजे आपण नव्हे, आपण म्हणजे आत्मा, आणि त्याची विचारपूस कुणीच करत नाही, हे ऐकूनच त्याला पुढे जावं लागे.

मास्तर मूळचे दापोलीकडचे. रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत शिकवत आणि शहराला लागून असलेल्या आमच्या गावात, आमच्याच पडवीतल्या खोलीत राहत. अथेन्समध्ये विषाचा पेला पिऊन मेलेल्या एका म्हाताऱ्यावर त्यांचा फार जीव, म्हणून गाव त्यांना ग्रीक मास्तर म्हणे. त्याच्याविषयीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्या ट्रंकेत होतं, त्याचा पुठ्ठा वाळवीने कधीच खाल्ला होता. त्या म्हाताऱ्यासारखे तेही दिसेल त्याला प्रश्न विचारत. बाजारात एकदा त्यांनी नारळवालीला विचारलं, चांगला नारळ म्हणजे काय? ती म्हणाली, "फोडल्याबिगर कसां कळनार, मास्तर?" महिनाभर ते वर्गात तिचं वाक्य सांगत होते. ही बाई माझ्यापेक्षा शहाणी आहे, म्हणत.

न्याय शिकवताना मास्तर होडी काढत. डोकं हा सुकाणू धरणारा तांडेल, राग हा शिडातला वारा, आणि हाव म्हणजे वल्ही मारणारे गडी. प्रत्येकाने आपापलं काम केलं की झाला न्याय. "वाऱ्याच्या हाती सुकाणू गेलं, की होडी मिऱ्याच्या खडकावर," असं म्हणून ते खडूने फळ्यावर खडक काढत. मी त्यांचाच विद्यार्थी, मला ती होडी पाठ होती. परीक्षेत मी तिच्यावर दोन पानं लिहिली असती.

माझ्या होडीत मात्र वारा भरला तो आबादादामुळे. आबादादा माझा थोरला चुलतभाऊ. एका पावसाळ्यात त्याने आमच्या दोन बागांमधला जांभ्या दगडाचा हद्दीचा गडगा उचलून दहा हात आमच्या बाजूला आणला. वडिलांनी हाताने लावलेली हापूसची सात कलमं त्यात गेली. दावा लागला. आणि वडिलांनी आमच्याकडची माणसं करतात तीच चूक केली. कोर्टात ते म्हणाले, आबाने ओलेत्याने देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगावं, गडगा होता तिथेच आहे, मी दावा सोडतो. देवासमोर कोण खोटं बोलेल, असा त्यांचा हिशेब. आबादादाने विहिरीवर दोन कळशा अंगावर घेतल्या आणि अख्ख्या गावासमोर शपथ घेतली. वडिलांनी दावा सोडला. कलमांना पुढचा मोहर यायच्या आत ते गेले.

तेव्हा मी एका वकिलाकडे कारकून होतो. मी वर्षभर माग काढला, आणि ज्या गड्याने तो गडगा हलवला होता तो साक्षीला उभा राहायला तयार झाला. आबादादाला तुरुंगात पाठवायचं एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. खुशीत येऊन मी ते मास्तरांना सांगितलं.

त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, आजाऱ्याला काढा देतात तो का? मी म्हटलं, बरा व्हावा म्हणून. खोटी शपथ हा आत्म्याचा रोग की नाही? मी म्हटलं, महारोग. मग शिक्षा म्हणजे काय झाली?

"म्हणजे तू वैऱ्याला काढा पाजायला निघालास," मास्तर म्हणाले. "खरा सूड हवा असेल तर त्याला शिक्षा होऊच देऊ नकोस. सडू दे तसाच."

मला ते इतकं पटलं की मी दुसऱ्याच दिवशी गड्याला परत पाठवलं.

पुढची आठ वर्षं मी आबादादाला सडताना पाहिलं. दर वैशाखात तो त्या सात कलमांच्या आंब्यांची करंडी पाठवी, मी ती तशीच परत पाठवी. शिमग्यात पालखीला खांदा द्यायचा मान त्याच्या घराचा, पण त्या दिवशी त्याची कंबर दुखे. देवळाची ती पायरी तो ओलांडत नाही, हे हळूहळू सगळ्या गावाला कळलं. मी पडवीत बसून हे सगळं चवीने बघत होतो.

नवव्या वर्षी, भर दुपारी, आबादादा नारळ घेऊन आमच्या पडवीत आला. त्याला गावासमोर खोटेपणा कबूल करायचा होता, गडगा मागे घ्यायचा होता, गाव देईल तो दंड भोगायचा होता. पण ज्याचं वाईट केलं त्याने नारळ हातात घेतल्याशिवाय गुरव देवापुढे तसलं गाऱ्हाणं घालत नाही, ही आमच्या गावची रीत. मास्तर तिथेच आरामखुर्चीत होते.

"बाळ्या, एवढां कर. नारळ घे," आबादादा म्हणाला. "माझ्याच्यान आता सोसवत नाय."

मी म्हटलं, "तुम्ही शपथ घेतलीत, आम्ही मानली. आता कसलं गाऱ्हाणं, आबादादा?"

तो नारळ घेऊन परत गेला. खोटं कशाला बोलू, त्याची पाठ बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

मास्तर खुर्चीत सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "सडू दे म्हटलं, ते मी उपरोधाने म्हटलं होतं रे. वाटलं होतं, तू हसशील आणि त्याचं भलं चिंतशील."

दोन दिवसांनी त्यांनी ट्रंक बांधली आणि ते दापोलीला पुतण्याकडे गेले. मी थांबवलं नाही, त्यांनीही रागाचा शब्द काढला नाही. निघताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कसा आहेस?" मी म्हटलं, उत्तम. त्या पावसाळ्यात आबादादा गेला, आणि पुढच्या वर्षी मास्तर गेल्याचं त्यांच्या पुतण्याचं कार्ड दापोलीहून आलं.

गडगा अजून तिथेच आहे. आबादादाचे मुलगे तो मागे घ्यायला तयार आहेत, मीच हो म्हणत नाही. हल्ली वाटेत कुणी विचारतं, "काय बाळासाहेब, कसे आहात?" मी "ठीक" म्हणतो आणि चालू लागतो. कोण, असं उलट विचारायची माझी छाती होत नाही.