वुलाचं खरं नाव

वुलामावशीच्या नावाचं शेपूटच तेवढं आमच्या हाती लागलं होतं. एकोणीसशे बावीस साली समोरच्या तुर्की किनाऱ्यावरची गावं पेटली आणि माणसं मिळेल त्या होडीने आमच्या लेस्वोस बेटावर आली. त्यात ही अडीच वर्षांची पोर. आईने तिला होडीत बसवून दिलं, स्वतः मागे राहिली. नाव विचारलं की पोर एवढंच सांगायची, "वुला."

वुला हे लाडाचं नाव. आमच्याकडे स्टाव्रुलाची वुला होते, वासिलिकीची होते, परास्केवीचीही होते. अनाथाश्रमातल्या कारकुनाने फार डोकं चालवलं नाही. परास्केवी म्हणजे शुक्रवार, आणि त्या दिवशी शुक्रवार होता. लिहून मोकळा झाला.

"तो होडीचा वार, माझा नव्हे," मावशी म्हणायची.

आमच्यात वाढदिवसाचं कौतुक नाही. आपल्या नावाच्या संताचा दिवस आला की दार उघडं ठेवायचं, गाव आपणहून येतं. मावशी तिन्ही नावांच्या दिवशी द्राक्षाचा मुरांबा काढून दारात बसायची. लोक मात्र खऱ्या स्टाव्रुलांकडे, खऱ्या वासिलिकींकडे जायचे. जाता जाता माझा नवरा ओरडायचा, "काय मावशी, आज कोण आहेस तू?"

"तुझी सासू! ये, तोंड गोड कर. जीभ तर कडूच आहे मेल्या तुझी."

तो हसून पुढे जायचा, त्याच्यामागे मीही. तिथे न थांबल्याची मला आजही लाज वाटते.

ऐंशीच्या घरात तिने अंथरूण धरलं. मी सूप भरवायला जायची. एकदा चमचा बाजूला सारून म्हणाली, "मेरोपी, मरणाला मी भीत नाही गं. पण वर आई मला पूर्ण नावाने हाक मारेल. ते माझंच नाव, हे मला कळायचंच नाही. मी ओ देणार नाही. तिला वाटेल, पोर आलीच नाही."

"आई चेहरा ओळखते, मावशी."

"अडीच वर्षांचा? तो या थेरडीत कुठे शोधेल?"

मी सूप गरम करून आणलं, तेही तिने घेतलं नाही. चार दिवसांनी गेली.

दफनाच्या वेळी तिन्ही नावं वाचा म्हणून मी आमच्या पाद्रीबाबांच्या, पापा स्ट्रातीसांच्या, पाया पडले. पाद्रीबाबा वैतागले, "एक जीव, एक नाव! तीन बायका पुरतोय का मी?" कागदावर परास्केवी होतं, तेच वाचलं.

आता मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांची नावं वाचतात तेव्हा, मी उकडलेले गहू घेऊन देवळात जाते आणि चिठ्ठीत तिन्ही नावं वेगवेगळ्या ओळींत लिहून देते, जणू माझ्या घरच्या तीन बायका वारल्या. पाद्रीबाबा भराभर वाचून टाकतात. मी प्रत्येक नावाला हात जोडते. पण तिचं नाव चौथंच एखादं असलं, तर मी काय करू?